पडदा काळा म्हणजे कार्ड मेलं, असं नाही

उज्जैनच्या भैरवगढमध्ये बाटिकचं काम आजही वितळलेल्या मेणाशेजारी बसूनच होतं. नक्षी आखायला आणि गिऱ्हाइकाला रंगसंगती दाखवायला मात्र आता संगणकही लागतो. लग्नाचे व्हिडिओ जोडणारी पोरं याच शहरात आहेत. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय, तशी फ्लेक्स आणि व्हिडिओची कामं वाढणारच. त्यामुळे जुन्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवणं इथे नवलाचं राहिलेलं नाही. कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं, की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “पीस खराब निघाला.” हा निकाल फार घाईने दिला जातो. पंधरा-वीस हजार मोजून आणलेली वस्तू परत करण्याआधी ती निदान नीट तपासली जावी, असं मला मनापासून वाटतं.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: मदरबोर्डचा लोगो दिसतो का? “ड्रायव्हर टाकला नाही म्हणून पडदा काळा” हे सर्रास ऐकू येतं. पण ड्रायव्हरचं काम विंडोज उठल्यानंतर सुरू होतं. त्याआधीचा लोगो आणि बायोसचा पडदा दाखवायला कार्डाच्या स्वतःच्या चिपमधलं फर्मवेअर पुरेसं असतं. म्हणून लोगोच दिसत नसेल, तर ड्रायव्हर शोधण्यात रात्र घालवू नका. दोष त्याच्या आधी कुठेतरी आहे. उलट लोगो दिसला आणि विंडोज सुरू होताना पडदा गेला, तर कार्ड बहुधा धडधाकट आहे. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा आणि नवा टाकावा.

लोगोच येत नसेल, तर आधी केबल बघा. संगणकाच्या पाठीमागे वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी एक एचडीएमआयचं तोंड असतं. ते मदरबोर्डचं. कार्डाची तोंडं त्याच्या खाली, आडव्या पट्टीवर असतात. सवयीने हात वरच्याच तोंडाकडे जातो आणि कार्ड बसल्याचं कळताच बरेच मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स बंद करून टाकतात. मग वरून काय येणार? मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलाय का, तेही पाहून घ्या. याची दुसरी बाजू अशी, की कार्ड काढूनही वरच्या तोंडातून चित्र आलं नाही तर लोक “मदरबोर्डही गेला” म्हणतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यांत ग्राफिक्स चालू नसतंच. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. अशा यंत्रात कार्डाविना पडदा काळाच राहणार.

सर्वांत जास्त फसवणारी समजूत पंख्यांची. “पंखे फिरतात, म्हणजे करंट पोचतोय.” पोचतोय, पण किती? मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो. जीटीएक्स १०५० टीआयची मूळ गरज तेवढीच, म्हणून त्याचे बरेचसे नमुने वेगळ्या वायरीशिवाय चालतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. तिथे एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येणारी ८ पिनांची वायर जोडावीच लागते; एक अशी वायर १५० वॉटपर्यंत देते. ती विसरली तरी काही कार्डांचे पंखे स्लॉटच्या जोरावर गरगरतात, चित्र मात्र येत नाही. आणि पंखे थांबलेले असणं हाही दोष नव्हे: हल्लीची अनेक कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात.

वायर हातात घेऊन नीट बघा. ग्राफिक्सची वायर सहा आणि दोन पिनांत फुटते, प्रोसेसरची चार-चारमध्ये. दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. म्हणून प्लग सहज बसत नसेल तर जोर लावू नका. चुकीचा प्लग ठोकून बसवला तर कार्ड खरोखरच जळेल. सुटणाऱ्या वायरींच्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीची वायर लावणंही तितकंच धोक्याचं, कारण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी असू शकते.

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवरच्या ‘५०० वॉट’ या ठळक अक्षरांवरही विसंबू नका. बाजूच्या तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथे १६ असतील, तर हिशेब १९२ वॉटचा झाला आणि त्यातच प्रोसेसरही भागवायचा आहे. असा एसएमपीएस नव्या कार्डाशी जोडणं मला मान्य नाही, मग दुकानदार कितीही “चल जाएगा” म्हणो.

जुना व्हीजीए मॉनिटर वापरणाऱ्यांची अडचण निराळी. त्याला लागणारा ॲनालॉग सिग्नल आजच्या कार्डांतून निघतच नाही. एनव्हीडियाने तो जीटीएक्स १००० मालिकेपासून बंद केला. नुसती पिनांची अदलाबदल करणारी स्वस्त पट्टी इथे निरुपयोगी, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो.

“जुन्या स्लॉटमध्ये नवं कार्ड चालत नाही” हे सरसकट खोटं. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, वेग तेवढा कमी होतो. अपवाद कार्ड स्लॉटपासून दूर बसवायला वापरतात त्या रायझर केबलचा: तिसऱ्या पिढीची केबल आणि चौथ्या पिढीचं कार्ड असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग हाताने तिसऱ्या पिढीवर आणावा लागतो. खरा तिढा फर्मवेअरचा असतो. २०१८ मध्ये एनव्हीडियानेच जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी दुरुस्ती दिली होती, कारण डिस्प्लेपोर्टच्या नव्या मॉनिटरांवर विंडोज येईपर्यंत पडदा कोरा राहत असे. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० मालिकेसाठी पुन्हा तसंच करावं लागलं. ही कार्डं बिघडलेली नव्हती. अशा वेळी कार्ड काढून अंगभूत ग्राफिक्सवर, किंवा जुनं कार्ड लावून, मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करावा आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून यूईएफआय (नवी पद्धत) चालू करावं. मात्र विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल, तर सीएसएम बंद केल्यावर चित्र येईल पण विंडोज उठणार नाही. डिस्क आधी जीपीटीमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि त्याही आधी कामाच्या फाइलींची प्रत बाजूला काढावी.

घरगुती उपायही टाळावेत: साफ करायला म्हणून नव्या कार्डाच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासू नये. तो मुलामा फार पातळ असतो. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला तर कानावर आला तरी सोडून द्यावा. घाईही नको: डीडीआर५ रॅमची यंत्रं, विशेषतः बायोस रीसेट केल्यावर, पहिल्यांदा उठायला काही मिनिटं घेऊ शकतात. तेवढ्यात बटण दाबून ती बंद करू नका.

एवढं करूनही काळोखच असेल, तर जुनं कार्ड परत लावा. चित्र आलं तर मॉनिटर आणि केबल निर्दोष ठरले. मग नवं कार्ड उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानात, पुरेशा एसएमपीएसच्या दुसऱ्या यंत्रावर लावून बघा. तिथेही लोगो आला नाही, तरच दोष कार्डाचा. कार्ड ‘नवं’ म्हणून स्वस्तात मिळालं असेल तर त्याची पाठची पट्टीही बघा. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर वापरलेली कार्डं बाजारात लोटली. पी१०६-१०० सारख्या मायनिंगच्या कार्डांना मॉनिटर जोडायला तोंडच दिलेलं नसतं. आणि बदललेल्या फर्मवेअरची काही कार्डं धड दिसूनही चित्र देत नाहीत.

परत करायला जाताना बिल, खोकं आणि सिरियल नंबरचं स्टिकर शाबूत ठेवा, कूलरचे स्क्रू उघडू नका. कोणत्या मदरबोर्डवर, किती वॉटच्या एसएमपीएसवर, कुठल्या केबलने कार्ड तपासलं, हे एका कागदावर लिहून काउंटरवर द्या.