फवारणीत विषबाधा झाल्यास: दवाखान्याची गाडी येईपर्यंत काय करावे?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही औषधे कोणी प्यायले नव्हते. ती अंगावर उडाली, कातडीतून आणि श्वासातून शरीरात गेली. सोलापूर जिल्ह्यात कपाशी कमी असली तरी द्राक्षाच्या मांडवाखाली किंवा डाळिंबाच्या ओळीत गन वर धरून फवारताना औषध तोंडावर आणि मानेवरच उतरते.

लक्षणे कशी ओळखावीत?

आपल्याकडच्या उन्हात मजूर चक्कर येऊन बसला की "ऊन लागलं" म्हणून सावलीत झोपवतात. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत आधी विषबाधेचाच संशय घ्यावा. ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस) आणि कार्बामेट गटातील कीटकनाशकांत घामाबरोबर तोंडाला लाळ सुटते, नाका-डोळ्यांतून पाणी येते, पोटात कळ येते, छाती भरते, स्नायू फडफडतात. डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मात्र बाहुल्या लहान दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये.

आधी कपडे, मग पाणी

रुग्णाला फवारलेल्या जागेतून मोकळ्या हवेत आणा. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच कपडे काढावेत. ओला शर्ट अंगावर ठेवून मोटारसायकलवर दवाखान्यात नेले, तर वाटभर विष कातडीतून मुरतच राहते. महिला मजूर असेल तर इतर बायकांनी साडीचा आडोसा धरावा, पण ओले कपडे अंगावर ठेवू नयेत. भरपूर साध्या पाण्याने आणि साबणाने १५ ते २० मिनिटे धुवा. केस, कानामागे, काखा, जांघा, नखे सुटू देऊ नका. गरम पाणी नको आणि घासणेही नको, त्याने विष जास्त शोषले जाते. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. नसतील तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. गाडी आली की धुण्यासाठी थांबवू नका.

डोळ्यात औषध गेल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची बारीक धार १५ मिनिटे सोडावी. म्हणूनच बांधावर साध्या पाण्याचा एक बॅरल आणि साबण वेगळा ठेवावा. औषध कालवण्याच्या बॅरलमधले पाणी यासाठी चालत नाही.

काय करू नये?

औषध पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. ईसी प्रकारच्या औषधांत द्रावक असते, ते उलटीबरोबर फुफ्फुसात गेले की जिवावर बेतते. दूध, तूप, एरंडेल यांपैकी काहीही उतारा नाही. चरबीत विरघळणारे विष स्निग्ध पदार्थाबरोबर उलट लवकर शोषले जाते. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये. त्याला डाव्या कुशीवर वळवून तोंडातली लाळ बाहेर येऊ द्यावी. श्वास थांबला तर छाती दाबण्यास सुरुवात करावी. तोंडाने श्वास देणे टाळावे, विष देणाऱ्यालाही लागते.

द्राक्ष बागायतदारांसाठी वेगळी सूचना

गोडी छाटणीनंतर काडीवरील डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. हे कीटकनाशक नाही, त्यामुळे मजूर ते सहज हाताळतात. पण ते कातडी आणि डोळे जाळते. शिवाय काम केल्यावर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. लोकांना वाटते दारू चढली! आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतर आठवडाभर दारू वर्ज्य, हे मजुरांच्या टोळीला पहिल्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांपासूनही लपवू नये.

डॉक्टरांना काय दाखवावे?

आपण एका टाकीत तीन-तीन औषधे मिसळतो. त्यामुळे सगळ्या बाटल्यांची लेबले, माहितीपत्रके किंवा त्यांचे फोटो सोबत न्या. नुसते "लाल त्रिकोणाचं औषध" म्हणून उपयोग नाही. त्रिकोण विषाची तीव्रता दाखवतो, गट नाही. उपचार मात्र गटावर ठरतो: ऑर्गॅनोफॉस्फेटला अ‍ॅट्रोपिन आणि पॅम दिले जाते, कार्बामेटला मुख्यतः अ‍ॅट्रोपिन, तर डायफेन्थियुरॉनला ठरावीक उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार होतात. माहितीपत्रकात उतारा छापलेला असतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावर डॉक्टरांनाही सल्ला मिळतो.

अ‍ॅट्रोपिन दिल्यावर रुग्ण काही तासांत बोलू लागतो आणि नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये एक ते चार दिवसांनी मान उचलता न येणे, श्वासाचे स्नायू ढिले पडणे असे होऊ शकते. डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी न्यावे. त्यानंतरही काही आठवडे, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत, त्या माणसाच्या हाती पंप देऊ नये. रक्तातील कोलिनेस्टरेज भरून येईपर्यंत थोड्याशा औषधानेही पुन्हा विषबाधा होऊ शकते.