लोणार सरोवराच्या काठावरचे वनस्पती-समुदाय कसे ओळखायचे?

संभाजीनगरहून लोणारला जाणारे बहुतेक जण विवर आणि देवळं पाहून परततात. माझं लक्ष मात्र पाण्याच्या कडेकडे असतं!

सरोवराचा सामू (pH) 10 च्या आसपास. आत स्पायरुलिनासारखे नीलहरित जीवाणू तग धरतात, फुलझाडं नाहीत. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात मागे हटतं आणि उघड्या चिखलावर क्षारांची पांढरी साय धरते. पूर्वी लोक हे क्षार गोळा करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही या क्षारांचीच नावं.

काठाच्या या पट्ट्यातल्या वनस्पतींची नुसती यादी अपुरी पडते. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांनी 1928 च्या ग्रंथात मांडलेली पद्धत इथे उपयोगी आहे. एकसारखा दिसणारा तुकडा निवडायचा, प्रत्येक जातीने किती जमीन झाकली ते ठरवायचं: 5 टक्क्यांहून कमी असेल तर 1, पाऊण भागाहून जास्त असेल तर 5. अनेक तुकड्यांचा तक्ता मांडला की सतत सोबत येणाऱ्या जाती आपोआप गटाने दिसू लागतात. तोच समुदाय.

अडचण हंगामाची. मे महिन्यातला कोरडा तुकडा सप्टेंबरात पाण्याखाली असू शकतो. म्हणून तारीख, पाण्याची खोली आणि क्षारता नोंदवलीच पाहिजे. ‘धार’ या झऱ्याच्या गोड्या पाण्याजवळ तर काही पावलांतच चित्र पालटतं. वेडी बाभूळ जिथे माजली, तिथे मूळचा पट्टा ओळखणंही अवघड होतं.

2020 मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. आता काठाचा असा हंगामवार नकाशा व्हायलाच हवा.