हार्ड डिस्कची विस्कटलेली घडी : सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

भांडगावच्या आमच्या संगणक कक्षातील बहुतेक संगणक माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेले आहेत. एकेका संगणकापुढे तीन-तीन मुले बसतात. ३५ मिनिटांच्या तासातील १० मिनिटे यंत्र सुरू होण्यातच गेली, तर त्या मुलांच्या वाट्याला काय उरते? एका विक्रेत्याने यावर उपाय म्हणून सर्व संगणकांसाठी डीफ्रॅगमेंटेशनचे सशुल्क सॉफ्टवेअर सुचविले. पैसे देण्यापूर्वी आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. हाच प्रश्न अनेक पालकांच्या घरीही असल्याने तो येथे मांडीत आहोत.

वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. वर्षाच्या आरंभी इयत्ता आठवीची सर्व मुले एकाच खोलीत राहतात. मध्येच काही मुले जातात, नवी येतात आणि जिथे खाट मोकळी असेल तिथे त्यांची सोय होते. दिवाळीपर्यंत एकच वर्ग सहा खोल्यांत विखुरलेला असतो. हजेरी तीच, मुलेही तितकीच. पण गृहपालांची पायपीट मात्र वाढते. हार्ड डिस्कवरील फाइलींचे असेच होते. जुन्या फाइली पुसल्या जातात, त्यांच्या मोकळ्या जागांत नव्या फाइलींचे तुकडे बसतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचनशीर्ष योग्य जागी सरकण्यास आणि हवा तो भाग त्याखाली येण्यास मिळून सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. फाइलीचे ३०० तुकडे झाले असतील, तर केवळ या धावपळीत चार सेकंद जातात. हे तुकडे पुन्हा सलग मांडणे म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन.

परंतु सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी डिस्क कोणती आहे ते पाहावे. सॉलिड स्टेट डिस्क, म्हणजे एसएसडी असेल, तर तीत फिरणारी तबकडी नाही आणि सरकणारे शीर्षही नाही. तिथे मुलांच्या खाटा हलवून गृहपालांचा वेळ वाचत नाही, खाटा मात्र झिजतात. कारण एसएसडीच्या प्रत्येक पेशीवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. विंडोज ८ पासूनचे 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हे साधन डिस्कचा प्रकार ओळखते आणि एसएसडीला 'ट्रिम'ची सूचना देते. तिच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेऊच नये.

फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठीही विंडोजमधील मूळ साधनाला आम्ही प्रथम पसंती देतो. फुकटचे म्हणून ते दुय्यम, असा समज आहे. तो खरा नाही. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मधील डीफ्रॅग सिमँटेक कंपनीकडून घेतलेले होते आणि विंडोज २००० मधील साधन 'डिस्कीपर' या विकाऊ सॉफ्टवेअरवरच आधारलेले होते. विंडोज एनटी ४ पासून फाइलीचे तुकडे हलविण्याची सुविधा खुद्द विंडोजमध्येच आहे आणि बाहेरची बहुतेक सॉफ्टवेअरेही तीच वापरतात. फरक उरतो तो मांडणीच्या क्रमाचा, वेळापत्रकाचा आणि चित्रमय पडद्याचा. 'डीफ्रॅगलर'सारखे मोफत साधन एखादीच फाइल निवडून सलग करू देते, ही त्याची खरी सोय. विंडोज ७ चे साधन ६४ मेगाबाइटपेक्षा मोठे तुकडे एरवी जसेच्या तसे ठेवते. त्यावरून ते अर्धवट काम करते असे मानू नये. इतके मोठे तुकडे जोडून वेग जाणवण्याइतका वाढत नाही.

उघडताच 'आपल्या संगणकात शेकडो दोष आहेत' असे भय घालून पैसे मागणारी सॉफ्टवेअरे मात्र पहिल्याच दिवशी काढून टाकावीत.

आमची अडचण निराळीच निघाली. विंडोज ७ हे काम बुधवारी पहाटे १ वाजता करते. संगणक बंद असेल, तर पुढे तो सुरू पण रिकामा असेल तेव्हा. आमचे संगणक तास संपताच बंद होतात. म्हणजे साधन होते, त्याला वेळच मिळत नव्हता. वेळापत्रक शनिवारी दुपारी आणले आणि त्या वेळी संगणक चालू ठेवू लागलो. खर्च शून्य.

एक संगणक तरीही संथच राहिला. त्याच्या डिस्कमधून अधूनमधून टकटक असा आवाज येई. अशी डिस्क झिजत चाललेली असते. तिच्यावर डीफ्रॅगमेंटेशन चालविणे म्हणजे आजारी माणसाला धावायला लावणे. तिच्यात शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे होती, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आम्ही सारे थांबवून प्रथम छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरविली. दोन फोल्डर उघडलेच नाहीत. त्या वर्षांची छायाचित्रे कोणा माजी विद्यार्थ्याकडे असतील, तर त्यांची प्रत शाळेकडे अवश्य पाठवावी.