शाल नको, नाव लिहा

बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले. पुढे हे काम मेथडिस्टांकडे गेले. बेनन आणि स्मिथ हे मिशनरी बेनन-स्मिथ हायस्कूलमुळे आजही आपल्या तोंडी आहेत. पण जन्मभर बिनपगारी चर्च झाडणाऱ्या, आजाऱ्याच्या घरी पेज नेणाऱ्या, मराठीत सुरू केलेली प्रार्थना कन्नडमध्ये संपवणाऱ्या मावश्या-अक्कांची नावे कुठे आहेत? सत्काराला आपण शाल देतो. (ती ट्रंकेतच राहते म्हणा!) एका वयस्कर अक्कांना मी विचारले, तुम्हाला काय द्यावे? म्हणाल्या, माझ्याआधी चर्चच्या किल्ल्या सांभाळायची त्या बाईचे नाव लिहून ठेवा, सर. आता ते मला एकटीलाच आठवते. मी वही काढली.