६१७४ : देवळालीच्या शिक्षकाचा स्थिरांक

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट आहे. तिचे अंक प्रथम उतरत्या आणि नंतर चढत्या क्रमाने मांडावेत, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या हाती येते. पुढे मात्र उत्तर बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च उरतात. गणितात ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ या काळात ते शाळेत शिक्षक होते. त्यांच्या जन्मवर्षावरच हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. १९०५ चे अंक मांडून ९५१० वजा ०१५९ केले की ९३५१ येतात. त्यानंतर अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. म्हणजे नेमक्या सात वजाबाक्या! मध्येच ०९९९ सारखे तीन अंकी उत्तर आले, तर आरंभीचे शून्य गाळायचे नाही, हे पथ्य पाळावे लागते.

हे असे का घडते? सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि दोहोंची बेरीज करावी. पहिल्या वजाबाकीचे उत्तर नेहमी एवढेच असते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे संख्या हजारो असल्या तरी पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात. ती एकेक तपासली की सिद्धता पूर्ण होते. त्यासाठी वही-पेन्सिल पुरेशी आहे.

तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ हा आहे. पाच अंकांत मात्र एकही नाही. तेथे संख्या चक्रात फिरत राहतात. उदाहरणार्थ, ५३९५५ वरून ५९९९४ आणि त्यावरून पुन्हा ५३९५५.

हा गुणधर्म दशमान लेखनपद्धतीशी बांधलेला आहे. दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या की ६१७४ चे हे स्थान राहत नाही. याच कारणाने अंकांच्या अशा खेळांना गणितात फारशी प्रतिष्ठा नसते, आणि हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि, इतक्या साध्या क्रियेत दडलेली ही शिस्त कापरेकरांपूर्वी कोणी दाखवून दिली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. देशातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. कापरेकर आपली कित्येक टिपणे स्वतःच पुस्तिकारूपाने छापत. पुढे मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे लोटली होती.