खाडी ते खाडी, शिडाच्या वेगाने

इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात दख्खनमधल्या दोन पेठांची नोंद आहे : पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. नकाशावर पैठण आणि तेर रेघेने जोडा. ती रेघ बीड जिल्ह्यातून जाते. गेवराई-माजलगावच्या माणसाला आज समुद्र परका वाटतो, पण आपल्या मुलखाचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गलबतांत चढत होता. भडोच कोकणात नाही, पण समुद्र तोच; म्हणून कोकण किनाऱ्याची ही हकिकत बीडकरांचीही आहे.

कोकणातली जुनी बंदरं बहुतेक नदीच्या मुखाशी वसली. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या दाभोळ, शास्त्रीच्या जयगड, मुचकुंदीच्या पूर्णगड, वाघोटणच्या विजयदुर्ग. कारण सरळ आहे. उघड्या समुद्रात लाटांचा मार, तर खाडीत आडोसा, काठावर गोडं पाणी आणि आतल्या गावांपर्यंत जलमार्ग. वाशिष्ठीतून गलबतं चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात. राजापूरला इंग्रजांनी १६४९ साली वखार घातली, तीही खाडीच्याच भरवशावर. पुढे गाळ साचत गेला आणि मोठी गलबतं राजापूरपर्यंत पोहोचेनाशी झाली.

शिडांनंतर आगबोटी आल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असं करत गोव्याकडे जात. पुष्कळ ठिकाणी बोट दूर समुद्रात नांगर टाकी आणि पडाव उतारूंना किनाऱ्यावर आणत. नंतरच्या काळात 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' याच मार्गावर धावल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याआधीच ही वाहतूक थांबली होती. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही पर्यटक बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, पण तिचा प्रवास मुख्यतः रात्रीचा. वाटेवरच्या खाड्या अंधारात मागे पडत. २०२० च्या महासाथीत तीही थांबली.

हा किनारा पाहायचा तर दिवसा, सावकाश, शिडाच्या होडीतून पाहावा. निसर्गाने त्याची सोय केलेली आहे. दिवाळीनंतर पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो होडीला खाडीबाहेर काढतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, तो दक्षिणेकडे ढकलतो. बाणकोट ते मालवण या पट्ट्यात एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर साधारण वीस ते पंचेचाळीस किलोमीटर. मध्यम शिडाची होडी तेवढं अंतर उजेडात कापते. संध्याकाळी भरती धरून आत शिरायचं, गावात मुक्काम करायचा, सकाळी ओहोटीबरोबर निघायचं. तांडेल, म्हणजे होडी हाकणारी अनुभवी मंडळी, पिढ्यानपिढ्या याच हिशेबाने चालत आली.

उणीव आहे ती मुक्कामाच्या सोयीची. कोचीत बोलगट्टी बेटावर मरीना आहे : होडी बांधायला तरते धक्के, पाणी, वीज, दुरुस्ती. आपल्या खाड्यांत दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटी चालतात. म्हणजे खाडीला माणसांची सवय आहे. त्यांच्याच शेजारी चार-सहा होड्यांपुरता तरता धक्का बांधला, मुखाशी साचलेला गाळ नियमित उपसला आणि वाट दाखवणाऱ्या खुणा लावल्या, तरी खूप काही साधेल.

मात्र सुरक्षिततेत तडजोड नको. १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा कोळ्यांचा रिवाज अनुभवातून आला आहे. पर्यटनाच्या होड्यांनीही तो पाळावा, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावं आणि होडीवर स्थानिक तांडेलच असावा.

मोठ्या बंदरांसाठी कोट्यवधींच्या योजना होतात. शासनाने त्यांच्यासोबत बाणकोटपासून विजयदुर्गपर्यंतच्या या पाच खाड्यांकडेही पाहावं, आणि बीडच्या शाळांनी आपल्या मुलांची पुढची सहल एखाद्या खाडीवर न्यावी.