हुद्दा तोच, वर्दी नवी

भोर-वेल्ह्याच्या टापूतल्या राजगड-रोहिडा या गडांच्या किल्ल्या शिवकाळात हवालदाराकडे असत. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार. नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आजही आहेत. म्हणून २०२२च्या सेनादिनी नव्या डिजिटल नक्षीची लढाऊ वर्दी आली, तेव्हा परंपरा गेली असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ती वर्दी लपायला आणि लढायला असते, मिरवायला नव्हे. कुणी म्हणेल, हुद्देही बदललेच की. १९६५मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. खरंय, आणि आजच्या हवालदाराकडे गडाच्या किल्ल्याही नाहीत. पण मूठभर जवानांची जबाबदारी त्यांच्यातूनच वर आलेल्यावर टाकायची, ही रीत कायम आहे. टोपीवरचा तुरा काढायला मात्र माझाही विरोधच राहील!